अर्धवट निरोप

उचापतीला जे सापडलं ते पाहून ऋतुजा लवटेने हातातला घास डब्यात परत ठेवला.

उचापती हे यंत्राचं लाडकं नाव. कागदोपत्री त्याला दुसरंच लांबलचक नाव होतं, पण पुण्यातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत ते कुणी वापरत नसे. प्रयोगशाळेचं काम एकच. कुणीही फुकट घ्यावी, वाचावी, दुरुस्त करावी अशी जी खुली सॉफ्टवेअरं जगभर फिरत असतात, त्यांतली यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी निवडायची आणि मोडून पाहायची. मोडायची रीत जुनीच होती. सॉफ्टवेअरला निरोप पाठवायचे, पण वेडेवाकडे. मधलाच अंक उडवलेला, एखादं अक्षर शंभरदा लिहिलेलं, शेपूट आधी आणि तोंड नंतर. पक्कं सॉफ्टवेअर असा निरोप 'कळला नाही' म्हणून फेकून देतं. कच्चं असेल तर गोंधळून कोसळतं आणि कोसळताना आपल्यात भगदाड कुठे आहे ते दाखवून जातं. याला फझिंग म्हणतात. सुरुवातीला हे निरोप नुसते आंधळेपणाने फेकले जायचे. पुढे, कुठला निरोप सॉफ्टवेअरच्या आजवर न चाललेल्या वाटेने गेला ते हेरून त्याचीच पिल्लं काढायची युक्ती आली. उचापती त्याच्याही पुढचं होतं. ते सॉफ्टवेअर वाचायचं, लिहिणाऱ्याचं लक्ष कुठे उडालं असेल याचा अंदाज बांधायचं आणि नेमकं तिथेच बोट घालायचं. जी चूक सापडायला वर्षं जायची, ती आता जेवणाच्या सुट्टीत सापडत होती.

आज त्याच्यापुढे 'पाझर' ठेवलं होतं. वसईच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एल्विस डाबरे नावाच्या माणसाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर. पाणी मोजणारं मीटर आणि पाणी सोडणारं दार यांनी आपापसात बोलायचं, एवढंच त्याचं काम. फुकट होतं, चोख चालत होतं, म्हणून कुणी कुणी उचललं आणि आता ते निम्म्या जगाच्या कालव्यांत बसलं होतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच कालव्यांची दारंही पाटकऱ्यांच्या हातातून निघून पाझरच्या हाती गेली होती.

चूक साधी होती. पाझरचा प्रत्येक निरोप सुरुवातीलाच आपली लांबी सांगतो. दार ती लांबी खरी धरून चालतं. निरोप मध्येच तुटला तरी ते सांगितलेल्या लांबीपर्यंत वाचत जातं आणि पुढे जे काही जुनंपानं पडलेलं असेल तेही निरोपातलंच समजतं. नुसता तुटलेला निरोप आला तर दाराचा पाण्याचा हिशोब मागे सरकायचा. पण कुणी तो मुद्दाम, विचार करून तोडला, तर त्याला दाराला काहीही सांगता येत होतं. उघड. उघडंच राहा. भोंगा वाजवू नकोस. आणि वर कळव की मी बंद आहे.

ऋतुजाचा घास राहिला तो मात्र अहवालातल्या शेवटच्या ओळीमुळे. उचापतीने लिहिलं होतं: 'हा निरोप मी बनवलेला नाही. तो नमुन्यांतच होता.'

खरे निरोप कसे दिसतात हे यंत्राला कळावं म्हणून त्याला चालू योजनांमधले निरोप नमुन्यादाखल दिलेले असत. हा नमुना धुळोबा उपसा सिंचन योजनेतला होता. नववी चारी, म्हणजे कालव्याचा नववा फाटा, शेवटचं मीटर, मेटकरवाडी. तीन वर्षं रोज दुपारनंतर तिथून असेच तुटके निरोप येत होते.

मेटकरवाडी हे ऋतुजाचं माहेर. आणि तीन वर्षांपूर्वीच मेटकरवाडीला पाणी आलं होतं.

"कुणी मुद्दाम करतंय?" प्रयोगशाळेच्या प्रमुख नसीमा तांबोळी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

"वाटत नाही, मॅडम. मीटर बिघडलं असेल. तपासते."

"तपास. पण डाबऱ्यांना आजच कळव आणि दुरुस्ती झाली की त्याच दिवशी बाहेर. थांबायचं नाही. उचापतीसारखी यंत्रं आता गल्लोगल्ली झालीत. सगळी एकाच तऱ्हेने विचार करतात. आपल्याला आज जे सापडलं, ते कुणालातरी उद्या सापडणारच आहे."

ऋतुजाने डाबऱ्यांना कळवलं. मेटकरवाडी आपलं गाव आहे, हे मात्र ती कुणालाच बोलली नाही. का बोलली नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी ती गावी गेली. वडील डाळिंबाच्या बागेत होते. त्यांचं नाव बिरुदेव, पण सगळा तालुका त्यांना बिरूआण्णा म्हणायचा आणि मुली दादा म्हणायच्या.

"आलीस व्हय? एक फोन तरी करायचा. ये, ये. बग की फळ कसं धरलंय."

झाडं लिंबाएवढ्या फळांनी लगडली होती. पलीकडे चारी भरून वाहत होती. ऋतुजाच्या लहानपणी या चारीत शेरडं बसायची. वरच्या गावांनी पाणी उपसून घ्यायचं आणि शेवटच्या गावाने कोरड्या चारीकडे बघत बसायचं, असंच चाललेलं. मग दादांनी माणसं जमवली. कचेरीसमोर बसले, मोर्चे काढले, शेवटी भर थंडीत कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात दिवसच्या दिवस उभे राहिले. तो गारठा गुडघ्यात शिरला तो कायमचा. त्याच उन्हाळ्यात दारांवर संगणक बसले आणि नवव्या चारीला पाणी आलं. नुसतं आलं नाही, पुरून उरलं. तेव्हापासून लांबलांबच्या गावांतून जीप भरून माणसं यायची. बिरूआण्णा, तुम्ही हे कसं केलं, ते आम्हाला सांगा.

"उद्या बी येणार हायत. आटपाडीकडली," दादा सांगत होते. "मी एकच सांगतो. एकीनं बसा, उठू नका. खिलारवाडीवाल्यांसारखं करू नका."

खिलारवाडी म्हणजे वरची, आठव्या चारीवरची. ऋतुजाची थोरली बहीण उज्ज्वला तिथेच दिलेली. योजनेचं पाणी शेवटाकडून सुरू व्हायचं. आधी नववीची पाळी, मग आठवीची. पण आठवीला कधी पुरतं पाणी मिळालंच नाही. दोन वर्षांपूर्वी एका सभेत दादा भर माइकवर बोलून गेले, "ती माणसं चावडीवर पत्तं कुटत्यात, त्यास्नी पाणी कोण देणार?" उज्ज्वलाचा नवरा पुढच्याच रांगेत बसलेला होता. त्या दिवसापासून उज्ज्वला माहेरी आली नव्हती.

उन्हं कलल्यावर ऋतुजा एकटीच मीटरपाशी गेली. कारण सापडायला वेळ लागला नाही. मीटरच्या खांबाला लागून एक बाभूळ आधीपासूनच होती. दुपारनंतर तिची सावली सोलरच्या प्लेटवर यायची. बॅटरी पहिल्यापासूनच कमजोर. मीटर निरोप पाठवायला लागायचं, मध्येच धाप लागून थांबायचं आणि अर्धाच निरोप दारापर्यंत पोचायचा. दाराचा हिशोब मागे जायचा. अजून वाटा पुरा झाला नाही असं समजून ते उघडंच राहायचं. इकडचा हिशोब कितीही मागे सरकला तरी दोन्ही चाऱ्यांना पाणी सोडणाऱ्या वरच्या मोठ्या दाराचा पुढेच जात असायचा. त्यामुळे नववीने जास्त घेतलेलं पाणी आठवीच्या वाट्यातून कापलं जायचं आणि संगणक त्या तुटीपुढे एकच शब्द लिहायचा: गळती.

कोयत्याचे चार घाव घातले असते तर बाभूळ आडवी झाली असती. ऋतुजा बराच वेळ तिथे उभी राहिली आणि तशीच परतली.

जेवताना तिने विषय काढून पाहिला. "दादा, समजा पाणी कमी झालं तर?"

"कोण कमी करतंय?" दादांनी भाकरी मोडता मोडता विचारलं. "ते काय कुणी दान दिलंय? हक्काचं हाय. ही एक पाळी नीट मिळाली की फळ हातात आलं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या हातून एक गोष्ट तडीला गेली, याची शांतता. तिने विषय तिथेच सोडला.

रविवारी परतीच्या एसटीतून तिने डाबऱ्यांना फोन लावला.

"दुरुस्ती उद्यापर्यंत होतेय," ते म्हणाले. "तुझा अहवाल इतका नेटका होता की मला फारसं काही करावंच लागलं नाही."

"सर, एक अडचण आहे. इकडे उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी चालू आहे. दारं मध्येच बंद करून पुन्हा सुरू केली तर अडकायची भीती वाटते. आवर्तन संपेपर्यंत ती बाहेर काढू नये."

"इतके दिवस? तुझ्या नसीमा मॅडमना चालेल?"

"त्यांच्याशी बोलले मी."

"प्रत्यक्ष जागेवर जाऊन आलीयस तू. तू म्हणतेस तर थांबतो."

दारं अडकण्याची भीती अगदीच खोटी नव्हती, पण खरीही नव्हती. नसीमा मॅडमशी बोलल्याचं मात्र साफ खोटं होतं. त्या आठवड्यात ऋतुजाला एका जागी बसवेना. ती कामावर बसे, उठे, पाणी पिऊन येई, धुळोबा योजनेची दारं पडद्यावर उघडून बघे, मिटे, पुन्हा उघडे. नववीचं दार उघडं. आठवीचं बंद. एखादा अनोळखी निरोप कुठून येतोय का, याच्यावर तिची नजर खिळलेली. नसीमा मॅडम समोरून गेल्या की ती घाईने पडदा बंद करायची. आपण लबाडी करतोय हे कळत होतं आणि नेमकी कुणाशी, हे काही केल्या ठरत नव्हतं.

एकदा न राहवून तिने उज्ज्वलाला फोन केला.

"आक्का, पाणी आलं का गं तुमच्याकडं?"

"आमच्या वाट्याला कवा आलंय? दार तेवढं ठिबकतंय खालनं. त्याचं डबकं साचतंय, बाया धुणं धुत्यात त्यात." उज्ज्वला हसली, पण ते हसू लांबलं नाही. "हे म्हणत्यात यंदा बाग काढून टाकू. आन् काढू दे. दादास्नी सांग, तुमचं खरं ठरलं म्हणावं."

फोन ठेवल्यावर ऋतुजाने डाबऱ्यांचा नंबर काढला. लावला नाही. अजून चारपाच दिवस, तिने स्वतःला समजावलं. पाळी संपली की सगळं नीट करू. फळही वाचेल, पाझरही दुरुस्त होईल, दादांना कधी कळायचंही नाही.

गुरुवारी सकाळी नसीमा मॅडम हातात फोन घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. "स्पेनमध्ये दोन ठिकाणी कालव्याची दारं आपोआप उघडली. व्हिएतनाममध्ये एका ठिकाणी. सगळीकडे पाझर आहे. कुणाला तरी सापडलंय, ऋतुजा. नुसती हलवून बघतायत, कुठली उघडतात ती. डाबऱ्यांची दुरुस्ती कुठवर आलीय?"

ऋतुजाने धुळोबाचा पडदा उघडला. आठवीचं दार बंद दिसत होतं. पण त्याच्या मागच्या कालव्यातली पाण्याची पातळी बघता बघता खाली चालली होती. बंद दारामागचं पाणी असं उतरत नाही.

तिने उज्ज्वलाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दाजींनी उचलला.

"ऋतुजा, मागनं बोलतो," ते धापा टाकत होते. मागे बायकांचा आरडाओरडा, कुणाचं तरी रडणं. "दार उघाडलं एकदम. भोंगा न्हाई, काय न्हाई. बाया गोधड्या धुवत हुत्या खाली. उज्जी… न्हाई, हाय, बाहेर काढलीय, हात मोडलाय. हाक्यांची मेंढरं समदी चारीत हुती, ती गेली."

फोन बंद झाला. नसीमा मॅडम उभ्याच होत्या.

"दुरुस्ती तयार आहे," ऋतुजा म्हणाली. "सोमवारपासून. मी थांबवायला सांगितली."

"काय?"

"माझं गाव आहे ते. नववी चारी."

नसीमा मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिथेच उभं राहून डाबऱ्यांना फोन लावला आणि त्या दोनच वाक्यं बोलल्या. पलीकडून डाबऱ्यांचा आवाज ऋतुजाला ऐकू आला. "पण ती म्हणाली होती की तुमच्याशी…" आणि तो थांबला. थोड्याच वेळात दुरुस्ती बाहेर पडली, त्यापाठोपाठ जगभरची दारं एकामागून एक ती घेऊ लागली. पडद्यावर आठवीचं दार आधी 'उघडं' झालं, मग खरोखरचं बंद.

"आता जा तू," नसीमा मॅडम म्हणाल्या. "बहिणीला भेट. परत आलीस की बोलू. आणि ते बोलणं सोपं नसेल, हे आत्ताच सांगते."

सांगोल्याच्या दवाखान्यात उज्ज्वलाचा हात प्लास्टरमध्ये होता, कपाळावर चार टाके. तिच्याबरोबरच्या बाया खरचटून वाचल्या होत्या. एका म्हातारीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, ती आता शुद्धीवर होती. दादा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेले. दोन वर्षं लेकीशी बोलणं नाही, आत पाऊल कसं टाकायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

ऋतुजा त्यांच्याशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. बाभळीची सावली, तुटका निरोप, मागे सरकणारा हिशोब. दादा समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते.

"म्हंजे मी पाण्यात हुबा ऱ्हायलो, ते…"

"ते खोटं नव्हतं, दादा. पण पाणी त्याच्यामुळं नाही आलं."

"मग ते पाणी कुणाचं?"

ऋतुजाने आतल्या खाटेकडे पाहिलं. दादांना कळलं. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. तो पुन्हा बांधायचं त्यांना कितीतरी वेळ सुधरलं नाही.

"तुला कवा कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात."

"आन् गप बसलीस. माझ्यापायी."

आतून उज्ज्वलाचा आवाज आला. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं होतं.

"तू फोन केलतास मला. पाणी आलं का म्हणून इचारलंस. तवा तुला ठावं हुतं?"

ऋतुजा दारात जाऊन उभी राहिली. "हो."

"डबक्यात धुणं धुत्यात, हे बी मी सांगितलं हुतं तुला." उज्ज्वलाने मान भिंतीकडे वळवली. "जा तू."

दोन दिवसांनी नवव्या चारीचं दार वाटा पुरा होताच बंद झालं. मेटकरवाडीत गलका उडाला. माणसं बिरूआण्णांकडे धावत आली, चला कचेरीवर. बिरूआण्णा पटका बांधून निघाले, पण कचेरीकडे नाही. ते खिलारवाडीच्या रस्त्याला लागले. ऋतुजा मागोमाग गेली.

चावडीवर माणसं होती. उज्ज्वला घरी आलेली, पलीकडच्या ओट्यावर बायकांत बसलेली. दादा चावडीच्या पायरीशी थांबले. गुडघ्यामुळे वर चढवेना, आणि कुणी हातही पुढे केला नाही.

"तीन वरसं तुमचं पाणी माझ्या गावात आलं," ते म्हणाले. "मला ठावं नव्हतं. पर ज्या तोंडानं मी तुमास्नी आळशी म्हटलं, त्येच तोंड घिऊन आलोय. काय बोलायचं ते बोला. ह्या फुडल्या पाळीला आमचं दार निम्म्या येळंला लावा. मी सही देतो. गाव मला फाडून खाईल, ते माझं मी बगतो."

मग खांबाला टेकून बसलेला बाबू हाके उठला.

"पाण्याचं मिटंल," तो म्हणाला. "माझ्या मेंढरांचं काय? ती कुणी मारली?"

ऋतुजा पुढे झाली.

"दार कुणी उघडलं ते मला माहीत नाही. लांबचा कुणीतरी. त्याला खिलारवाडी कुठं आहे हेही ठाऊक नसेल. पण दाराला कडी घालायची माझ्या हातात होती. मी घातली नाही."

"का?"

"आमची बाग जगावी म्हणून."

बाबू हाके पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला. तो शिवी देईल, अंगावर धावून येईल, असं तिला वाटलं. तो तिच्यासमोर खाली बसला.

"निरोप अर्धा तुटला, म्हंजे काय झालं?" त्याने विचारलं. "दाराला कसं फशिवलं त्येनं? मला कळंल असं सांग."

तिने सांगितलं. त्याला कळलं नाही. तिने काडीने मातीत रेघ ओढून दाखवली, एवढा निरोप यायचा होता, एवढाच आला. आणखी दोघंतिघं जवळ सरकली. ओट्यावरून उज्ज्वला उठली, मोडका हात पोटाशी धरून चालत आली आणि दादांसमोर थांबली.

"दादा, उन्हात का हुबा? घरी चला. जेवून जावा."

मग तिने धडका हात पुढे केला आणि त्या आधाराने ते हळूहळू तिच्या घराकडे चालू लागले. जाताना उज्ज्वलाने ऋतुजाकडे पाहिलं नाही.

"मग त्यो मागचा हिशोब," बाबू हाके म्हणाला, "त्यो दाराला दिसतच न्हाई?"

"दिसतो," ऋतुजा म्हणाली. "पण तुटलेल्या निरोपाच्या जागी ते त्या जुन्यालाच खरा समजतं." आणि काडीने पहिली रेघ पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.